ऋणनिर्देशात न मावलेले : ग्रंथपालबाईंना एक अनावृत पत्र

आदरणीय ग्रंथपालबाई यांस,

सादर नमस्कार, वि. वि.

प्लेगच्या काळावरची माझी कादंबरी नुकतीच प्रसिद्ध झाली आणि तिच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली. त्या दीड ओळीतही तुमचे नाव नाही, कारण नाव घालायचे नाही असे तुम्ही मला बजावले होते आणि घातलेच तर पुस्तक दाखल करून घेणार नाही अशी धमकीही दिली होती. तुमचा शब्द मी तिथे पाळला आहे आणि या पत्रातही पाळणार आहे. परंतु नाव न घेता जे सांगता येईल ते चारचौघांत सांगण्यास तुम्ही कधी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही, म्हणून हे पत्र खासगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

आम्ही लेखक मंडळी ग्रंथालयांचे आभार मानताना फार आखडता हात घेतो. अमुक ग्रंथालयाने संदर्भग्रंथ उपलब्ध करून दिले, त्यांचे आभार, एवढ्यावर आमचे भागते आणि वाचकाचा असा समज होतो की ग्रंथपालाने कपाटाची किल्ली फिरवली, पुस्तक दिले, सही घेतली आणि तिथे त्याचे काम संपले. तुम्ही मला जे दिले त्यात पुस्तके हा सर्वांत लहान भाग होता, हे एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून हा प्रपंच.

मुळात विषयच तुमच्याकडून आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वाचनालयाला कुलूप पडले आणि माझ्याकडच्या पुस्तकांची मुदत संपत आली म्हणून मी तुम्हाला फोन केला. दंडाचे बोलायचे सोडून तुम्ही मलाच विचारलेत, की हे वाचनालय याआधीही साथीमुळे बंद राहिले होते, हे ठाऊक आहे का? ज्या साथरोग कायद्याखाली राज्य सरकारने तेव्हा निर्बंध घातले होते तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, म्हणजे प्लेगसाठीच केलेला आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते; पण त्या कायद्याची सावली आपल्या बाजारपेठेतल्या दोन खोल्यांच्या वाचनालयावरही पडली असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. पुढे वाचनालय उघडले तेव्हा तुम्ही कार्यकारी मंडळाच्या सभांच्या इतिवृत्ताची वही आणि त्या काळची देवघेवीची वही, अशा दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्यात. इतिवृत्तात साथीमुळे वाचनालय बंद ठेवण्याचा ठराव होता. देवघेवीच्या वहीत एका सभासदाच्या नावापुढे तो प्लेगात वारल्याचा आणि पुस्तक परत न आल्याचा शेरा होता. त्याच्या खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हातात, ते पुस्तक घरातल्या सामानाबरोबर जाळले गेले असावे असे कोणीतरी पुढे लिहिले होते आणि पुस्तकाची किंमत खात्यातून वजा टाकली होती. प्लेगच्या घरातले कपडेलत्ते, अंथरुणे जाळली जात, हे इतिहासाच्या पुस्तकांत असते. पण त्या ढिगात वाचनालयाचे एक पुस्तकही असू शकते, आणि कोणा कारकुनाला त्याची किंमत कुठे मांडावी असा पेच पडू शकतो, हे त्या दोन ओळींनी सांगितले. माझी कादंबरी तिथे सुरू झाली. ते पुस्तक कोणते होते हे कादंबरीत आले आहे, म्हणून इथे सांगत नाही.

त्यावर कादंबरी लिही, असे तुम्ही मला म्हटले नाही. वह्या पुढे ठेवून तुम्ही दिवाळी अंकांच्या नोंदी करायला निघून गेलात. कल्पना सुचवणारी माणसे मला पुष्कळ भेटली आहेत. तीच माणसे मग ती कल्पना कशी लिहावी, शेवट कसा करावा आणि त्यावर चित्रपट कोणी काढावा, हेही सांगतात. लेखकापुढे कागद ठेवून बाजूला होणारे माणूस दुर्मीळ असते.

त्या वह्या माझ्या हाती पडण्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुम्ही स्वतःहून कधीच सांगितली नसती. मला ती शिपाईमामांनी सांगितली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी बाजारपेठेत चढू लागले, तेव्हा तळमजल्यावरून माडीवर काय आधी न्यायचे हा निर्णय तुम्हाला उभ्या उभ्या घ्यावा लागला. ज्या कादंबऱ्यांसाठी सभासद नंबर लावून थांबतात त्या तुम्ही खाली राहू दिल्यात आणि जुन्या वह्या, नियतकालिकांची बाडे, जुनी पंचांगे अशी वर्षानुवर्षे कोणी न मागितलेली सामग्री आधी वर नेलीत. त्याबद्दल पुढे तुम्हाला बोलणीही खावी लागली. बाजारात जे पुन्हा मिळते ते भिजले तर विकत घेता येईल, जे एकुलते एक आहे ते गेले की गेले, हा तुमचा हिशेब किती सरळ होता ते लोकांच्या लक्षात यायला दोन वर्षे जावी लागली. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचे १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाण्याखाली गेले आणि तिथल्या ग्रंथांची दैना झालेली छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली, तेव्हा आपल्याकडे तक्रार करणारे काही जण गप्प झाले.

आता प्रत्यक्ष मदतीविषयी. प्लेगवर आपल्याकडे काय आहे, असा माझा पहिला प्रश्न फार ढोबळ होता. त्यावर तुम्ही मला एका कपाटापुढे उभे करून मोकळ्या झाला नाहीत, तर साऱ्या वाचनालयभर फिरवलेत. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात साथीचे रोग ६१४ या क्रमांकाखाली, सार्वजनिक आरोग्यात येतात. हिंदुस्थानचा इतिहास ९५४ मध्ये, कामगारांची हकिकत ३३१ मध्ये आणि चरित्रे ९२० च्या घरात. म्हणजे १८९७ मध्ये जी माणसे एकाच चाळीत शेजारी शेजारी मेली ती ग्रंथालयात चार कपाटांत वाटली गेली आहेत. त्यांना पुन्हा एका जागी आणण्याचे काम वर्गीकरणाच्या हातचे नसते. ते ग्रंथपालाला करावे लागते, आणि त्यासाठी त्याने ती चारही कपाटे नुसती लावलेली नव्हे तर वाचलेली असावी लागतात.

त्या फेरीच्या शेवटी तुम्ही बाद झालेल्या एका तालिकापत्राच्या, म्हणजे पुस्तकाची नोंद असलेल्या कार्डाच्या, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काही तारखा लिहून दिल्यात. सप्टेंबर १८९६, मांडवी, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केलेले प्लेगचे निदान. १० जानेवारी १८९७, हाफकिन यांनी स्वतःच्या अंगावर टोचून घेतलेली लस. ४ फेब्रुवारी, कायदा. ९ फेब्रुवारी, नारायण मेघाजी लोखंडे यांचा मुंबईत प्लेगने मृत्यू. १० मार्च, सावित्रीबाई फुले यांचा पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू. २२ जून, रँड. शाळेत आम्ही प्लेग शिकलो तो बहुतेक या शेवटच्या तारखेपुरता. गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली जाते आणि धडा संपतो. तुमच्या कार्डावर ती तारीख शेवटी होती, आणि तिच्या आधी एक डॉक्टर, एक शास्त्रज्ञ, गिरणीकामगारांचा एक पुढारी आणि एक शिक्षिका उभी होती. कायदा आणि लोखंडे यांच्यात अवघे पाच दिवसांचे अंतर आहे, हे त्या तारखा एकाखाली एक आल्यामुळेच मला दिसले. कादंबरीचा पूर्वार्ध मी त्या कार्डाच्या क्रमाने लिहिला आहे. समीक्षकांनी रचनेचे कौतुक केले तर ते मी तुमच्याकडे पोहोचते करीन.

चांदण्याचा किस्सा तुम्ही इतरांनाही सांगता असे ऐकले, तेव्हा तो माझ्या बाजूनेही नोंदवते. माझ्या कादंबरीतला एक टांगेवाला २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीहून लोक परतत असताना, त्याच रस्त्याने घरी जातो. त्याला रस्ता दिसत होता का, एवढेच मला हवे होते. तुम्ही शके १८१९ चे पंचांग काढलेत. ज्येष्ठ वद्य पक्ष चालू होता आणि त्या रात्री चंद्र उगवायलाच मध्यरात्र व्हायची होती. मी खूश होऊन वही मिटू लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात की पंचांग चंद्र सांगते, ढग सांगत नाही. जूनचा शेवट आहे, पावसाचे पाहा. वर्तमानपत्रे कुठे पाहावीत हेही तुम्ही तारीख पाहूनच सांगितलेत : केसरी तेव्हा साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघायचा, २२ जून हा मंगळवारच होता, तेव्हा त्या रात्रीची बातमी त्या अंकात शोधू नका, पुढच्यात शोधा. त्या एका वाक्याने माझा किती वेळ वाचला याची कल्पना जुनी बाडे चाळलेल्या माणसालाच येईल. आभाळाबद्दल मला हवा तितका स्पष्ट उल्लेख कुठे सापडला नाही, म्हणून त्या प्रकरणात मी आभाळाविषयी एकही वाक्य लिहिले नाही; टांगेवाल्याला त्याच्या कंदिलाच्या उजेडावर सोडून दिले. त्या प्रकरणातला अंधार फार बोलका आहे, असे एका वाचकाने मला कळवले आहे.

जुना कागद हाताळायलाही मी तुमच्याकडेच शिकले. बाड टेबलावर सपाट उघडायचे नाही, दोन्ही बाजूंना घडी केलेले मऊ फडके ठेवून त्याच्या पाठीवरचा ताण कमी करायचा. पान बोट ओले करून नव्हे, तर वरच्या कोपऱ्यातून हलकेच उचलून उलटायचे. टिपणे पेन्सिलीनेच घ्यायची, कारण पेनची शाई एकदा पडली की पडली. खुणेसाठी पान दुमडायचे नाही, पातळ कागदाची पट्टी घालायची आणि निघताना ती आठवणीने काढायची. कसर लागलेल्या पानांवरची भोके पाहून मी हळहळले, तेव्हा कसरीलाही खळ आवडते, म्हणून ती बांधणीपासून आत शिरते, असे तुम्ही शांतपणे सांगितलेत आणि कपाटातली वेखंडाची पुरचुंडी बदललीत. वही घरी नेण्याची परवानगी मी एकदा मागितली होती. तुम्ही ती दिली नाहीत, आणि मी जरा फुरंगटूनच परत आले होते. आज तीच वही दुसऱ्या कोणी घरी न्यायची म्हटली तर मी दारात आडवी पडेन.

आपल्याकडे जे नव्हते त्यासाठी तुम्ही मला मोठ्या ग्रंथालयांच्या वाटा दाखवल्यात. तिथे जाऊन काय मागायचे, कोणत्या नावाखाली मागायचे आणि नाही म्हटले तर दुसऱ्यांदा कसे विचारायचे, हेही सांगितलेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले १ ऑगस्ट १८९८ रोजी. ही शेवटची तारीख वाचताना मी थबकले. मुंबईतला प्लेग तेव्हा हटलेला नव्हता. पहिल्याच हंगामात लाखो लोक शहर सोडून गावी गेले होते, घरोघरी तपासण्या चालू होत्या, आणि अशा दिवसांत काही माणसांना मराठी पुस्तके एका ठिकाणी गोळा करून ठेवावीत असे वाटले. माझ्या कादंबरीतल्या एका पात्राच्या हट्टाचे बळ मी या तारखेतून घेतले आहे.

ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारा माणूस आणि मराठी पुस्तकांचे घर उभारणारा माणूस एकच असावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही. आणि शंकर गणेश दाते! १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी केली, मग पुढच्या खंडात १९५० पर्यंतच्या ग्रंथांची केली. तुम्ही तो जाडजूड खंड माझ्यापुढे ठेवलात तेव्हा तो चाळायचा असतो एवढेच मला माहीत होते. तो वाचायचा असतो, हे तुमच्याकडे पाहून कळले. प्लेगच्या त्या दोन-तीन वर्षांत मराठीत काय काय छापले गेले हे नुसते ओळीने वाचत गेले तरी त्या वेळच्या घरांतले बोलणे कानावर येऊ लागते. आपल्याकडे सूचिकाराला लेखक म्हणत नाहीत. खरे तर मराठीत गेल्या ऐंशी वर्षांत इतिहासावर, वाङ्मयावर जे काही गंभीरपणे लिहिले गेले त्यातल्या फार मोठ्या भागाला या माणसाने आधी पायवाट करून दिली आहे.

आता थोडे कडू लिहिते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने आपल्या राज्यातल्या गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळण्याची सोय झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. तो कायदा नसता तर आपल्या वाचनालयाच्या जागी आज मोबाइलचे दुकान असते. पण अ, ब, क, ड हे दर्जे ठरतात ते पुस्तकांच्या, सभासदांच्या, नियतकालिकांच्या संख्येवर. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात पंचांगाला रकाना नाही, पेन्सिलीने लिहून दिलेल्या कार्डाला तर नाहीच नाही. तुम्ही एका लेखिकेला चारही कपाटांतून फिरवले तो वेळ देवघेवीच्या आकड्यांत दिसत नाही. उलट तेवढ्या वेळात चार सभासदांची पुस्तके बदलून झाली असती. वर्षानुवर्षे कोणी न नेलेले पुस्तक म्हणजे अडगळ, हा हिशेब आता वाचनालयांच्या सभांतही ऐकू येतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आपल्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेली आहेत, आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हे त्यांतले तिसरे. देवघेवीच्या त्या वहीला तिचा वाचक मिळायला सव्वाशे वर्षे लागली. तोवर तिला कोणीतरी सांभाळावेच लागते, आणि सांभाळणाऱ्याला पगार द्यावा लागतो. त्याच अनुदानातून वीजबिल, त्यातूनच नियतकालिके, त्यातूनच ग्रंथखरेदी आणि उरेल त्यातून तुमचा पगार. तो किती आहे हे मी इथे लिहीत नाही, कारण ती संख्या वाचून कोणी तुमची कीव केलेली तुम्हाला चालणार नाही. मात्र गावातल्या ज्या प्रतिष्ठितांच्या हाती हे पत्र पडेल त्यांनी ती वाचनालयात येऊन विचारावी, अशी माझी इच्छा आहे.

सोबत कादंबरीच्या दोन प्रती पाठवत आहे, एक देवघेवीसाठी आणि एक संदर्भासाठी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांत पाठवायच्या असतात. तालुक्याच्या वाचनालयाचा त्या कायद्यात उल्लेख नाही, म्हणून या प्रती लेखिकेने स्वतः पाठवल्या आहेत असे समजावे. प्रकाशकाकडून मानधनाचा जो पहिला हप्ता येईल तो त्या दोन वह्यांच्या बांधणीसाठी आणि त्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्रण करून घेण्यासाठी वापरावा. पावती वाचनालयाच्या नावे फाडावी आणि देणगीदारांच्या फलकावर माझे नाव लावू नये. नाव न घालण्याचा हट्ट मलाही धरता येतो.

कादंबरीसाठी घेतलेली सारी टिपणे, कोणत्या ग्रंथालयात काय सापडले आणि काय सापडले नाही याच्या नोंदींसह, एका फाइलमध्ये लावून आणून देते. पुढे प्लेगवर किंवा आपल्या गावावर कोणी लिहायला बसले तर त्याने माझ्या मुक्कामापासून पुढे निघावे. तुमच्या हातचे ते पेन्सिलीने लिहिलेले तालिकापत्र मात्र त्या फाइलमध्ये असणार नाही. ते मी देणार नाही, आणि ते वाचनालयाने बाद केलेले असल्यामुळे तुम्हाला मागताही येणार नाही.

एक विनंती आहे. कादंबरी तुम्ही ८९१.४६३ खाली, इतर मराठी कादंबऱ्यांच्या रांगेत लावाल, आणि ते बरोबरच आहे. पण जमल्यास ६१४ च्या कपाटात, प्लेगच्या पुस्तकांशेजारी, ‘हेही पाहा’ अशी एक चिठ्ठी तुमच्या अक्षरात लावावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली नम्र,
वाचनालयाची एक आजीव सभासद